फ्रेझल व्हर्बची यादी पाठ होते, पण बोलताना एकही आठवत नाही. सुरुवात कुठून करावी?

पाणवठा (प्रश्न; इथली नावं चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं आहेत)

शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजचे विषय इंग्रजीतून. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द कळतात, लिहिताही येतात. अडतं ते फ्रेझल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो तिथे. समोरचा 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' किंवा 'पुट आउट' म्हणाला की 'पुट' म्हणजे ठेवणे एवढंच डोक्यात येतं, आणि तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात.

500 फ्रेझल व्हर्बची मराठी अर्थांसह यादी आहे, एबीसीडीच्या क्रमाने. 'ब्रेक'पर्यंत पाठ केली. आठवड्यात 'ब्रेक इन', 'ब्रेक आउट', 'ब्रेक ऑफ', 'ब्रेक अप' यांची पार सरमिसळ झाली.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रोजच्या बोलण्यासाठी नेमके किती पुरतात? 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतं, मग 'लुक द बेबी आफ्टर' का चालत नाही? आणि भरभर बोलणाऱ्याच्या तोंडून हे शब्द ओळखायचे कसे?

उंबरठा

आधी ती यादी बाजूला ठेवा. एकाच क्रियापदाचे चार-पाच प्रकार ओळीने पाठ केले की ते एकमेकांना पुसतात. सगळ्यांचा चेहरा सारखा आणि अर्थ मात्र वेगळे, त्यामुळे मेंदूला धरायला काही उरत नाही. 'ब्रेक डाउन' गाडीबरोबर शिका आणि 'ब्रेक इन' चोरीबरोबर, तेही वेगवेगळ्या आठवड्यांत.

किती पुरतात याचं उत्तर मोजून काढलेलं आहे. 2007 मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीच्या 10 कोटी शब्दांच्या संग्रहात फ्रेझल व्हर्ब मोजले. त्यातले फक्त 100 मिळूनच एकूण वापराचा अर्ध्याहून जास्त भाग होतो. सगळ्यात वर 'गो ऑन' आहे, आणि 'पिक अप', 'कम बॅक', 'गो आउट', 'फाइंड आउट' हे पहिल्या दहांत आहेत. 'कॅरी आउट'ही तिथेच आहे, पण तो लिखाणातला शब्द आहे, घरात कोणी फारसा वापरत नाही. पुढे 2015 मध्ये 150 फ्रेझल व्हर्बची एक यादी तयार झाली. तिच्यात प्रत्येकाचे सरासरी दोनच अर्थ घेतले आहेत, कारण प्रत्यक्षात बहुतेक वेळा तेवढेच वापरले जातात. शब्दकोशात 'टेक अप'खाली दहा अर्थ दिसले तरी घाबरू नका.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे हीच यंत्रणा आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी बसवलेली. मराठीत विझणे–विझवणे, पडणे–पाडणे, निघणे–काढणे अशा जोड्या असतात. एक आपोआप होणारी क्रिया, दुसरी कोणीतरी केलेली. इंग्रजीत या जोड्या अशा बनतात: छोटा शब्द बहुधा तोच राहतो, त्याच्या आधीचं क्रियापद बदलतं. आपोआप झालं तर बहुतेक 'गो', 'कम', 'फॉल'. कोणी केलं तर 'पुट', 'टेक', 'ब्रिंग', 'नॉक'.

मेणबत्ती विझली: 'द कँडल वेंट आउट'. आग विझवली: 'दे पुट आउट द फायर'.
बटण निघालं: 'द बटन केम ऑफ'. बूट काढले: 'शी टुक ऑफ हर शूज'.
भिंत पडली: 'द वॉल फेल डाउन'. भिंत पाडली: 'दे नॉक्ड डाउन द वॉल'.
भाव वाढले: 'प्रायसेस वेंट अप'. भाव वाढवले: 'दे पुट अप द प्रायसेस'.
परत आला आणि परत आणला: 'केम बॅक', 'ब्रॉट बॅक'.
दिवे आले आणि दिवे लावले: 'द लाइट्स केम ऑन', 'ही स्विच्ड ऑन द लाइट्स'.

या सहा जोड्या मोठ्याने दहा-दहा वेळा म्हणा. 'आउट'मध्ये विझण्याचा, 'ऑफ'मध्ये सुटून वेगळं होण्याचा, 'डाउन'मध्ये कोसळण्याचा भाव आहे हे तेवढ्यातच अंगवळणी पडतं, वेगळी व्याख्या लागत नाही. साखर संपली आणि साखर संपवली इथे मात्र छोटा शब्दही बदलतो: 'द शुगर हॅज रन आउट', 'ही यूज्ड अप द शुगर'.

दुसरा दुवा आपल्या 'टाकणे', 'ठेवणे', 'घेणे', 'काढणे' यांचा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यातला फरक तुम्हाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. 'ईट इट' आणि 'ईट इट अप' यातही तोच फरक आहे. लिहून ठेव म्हणजे 'राइट इट डाउन'. मी सांगतो ते लिहून घे म्हणजे 'टेक इट डाउन'. शोधून काढ म्हणजे 'फाइंड आउट', गणित सोडवून काढ म्हणजे 'वर्क इट आउट'. बोलत राहा, थांबू नकोस: 'कीप ऑन टॉकिंग'.

फक्त एक अडचण लक्षात ठेवा. आपलं 'टाक' एकटं असतं, इंग्रजी त्याची वाटणी करतं. फाडून टाक 'टेअर इट अप', देऊन टाक 'गिव्ह इट अवे', खोडून टाक 'क्रॉस इट आउट', पुसून टाक 'वाइप इट ऑफ', उरकून टाक 'गेट इट ओव्हर विथ'. म्हणून वहीत 'टाकणे' नावाचं एक पान करा आणि ऐकलेलं प्रत्येक उदाहरण तिथे लिहीत जा. वीसेक उदाहरणं झाली की वस्तू संपून जाते तिथे 'अप', हातून जाते तिथे 'अवे' आणि कागदावरून जाते तिथे 'आउट' हे दिसायला लागतं. शंभर टक्के नियम नाही, पण अंदाज बरोबर यायला लागतो.

दोन ओळी

वर सगळं आलंय, मी फक्त शब्दांच्या जागेबद्दल लिहितो, कारण इथे वाक्य चुकतं आणि समोरच्याला लगेच कळतं.

'टर्न ऑफ'मधला 'ऑफ' क्रियापदाचा सोबती आहे, पंख्याशी त्याचं नातं नाही. म्हणून तो पंख्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, कुठेही उभा राहतो. 'लुक आफ्टर'मधला 'आफ्टर' शब्दयोगी अव्ययासारखा आहे, 'बाळाकडे'मधल्या 'कडे'सारखा. 'कडे' बाळापासून तोडून लांब ठेवता येत नाही, तसाच 'आफ्टर' पण येत नाही. फरक इतकाच की आपला 'कडे' नामानंतर येतो, त्यांचा 'आफ्टर' नामाआधी.

खरी परीक्षा सर्वनामाची. पहिल्या प्रकारात 'इट', 'देम', 'हिम' आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ', 'पिक देम अप', 'पुट इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' किंवा 'पिक अप देम' असं कधीच नाही. दुसऱ्या प्रकारात सर्वनाम शेवटीच येतं: 'लुक आफ्टर हर', 'वेट फॉर देम', 'रन इनटू हिम'.

तेच दोन शब्द दोन्ही प्रकारांत येऊ शकतात, हे पाहण्यासारखं आहे. 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' म्हणजे दिवा बंद केला. 'ही टर्न्ड ऑफ द हायवे' म्हणजे हायवे सोडून वळला. वरवर एकसारखी वाक्यं. आता सर्वनाम घाला: दिव्याचं 'टर्न्ड इट ऑफ', हायवेचं 'टर्न्ड ऑफ इट'. हे एकदा नीट डोळ्यांसमोर आलं की पुढच्या शंभर फ्रेझल व्हर्बना हीच चाचणी लावता येते.

कर्म लांबलचक असेल तर छोटा शब्द क्रियापदाला चिकटूनच ठेवा. 'दे पुट ऑफ द मीटिंग विथ ऑल द सोसायटी मेंबर्स' ठीक. यात 'ऑफ' शेवटी टाकलात तर ऐकणारा वाट बघत राहतो. तीन शब्दांचे असतात, 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टू', ते फोडायचे नाहीत; वर आलेला 'गेट इट ओव्हर विथ' हा अपवाद. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नाही, 'मीटिंग': 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. तिथला 'टू' नामासाठी आहे, 'टू गो'मधला 'टू' नाही. ऑफिसच्या मेलमध्ये ही चूक नेहमी दिसते.

शब्दकोशात बघताना नोंदच नीट वाचा. 'पिक समथिंग अप' असं छापलं असेल तर मध्ये जागा आहे, 'लुक आफ्टर समबडी' छापलं असेल तर नाही. काही लर्नर्स डिक्शनऱ्यांत मध्ये दुहेरी बाण असतो, त्याचा अर्थ दोन्हीकडे चालतं. वहीत उतरवताना ती 'समथिंग'ची जागा गाळू नका. यादीत नुसतं 'पिक अप = उचलणे' लिहिलं की नेमकी हीच माहिती हरवते.

ऐकण्याबद्दल: पहिल्या प्रकारात जोर छोट्या शब्दावर असतो. 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठसठशीत. 'लुक अॅट इट' म्हणताना 'लुक' ठसठशीत, 'अॅट' जवळजवळ गिळलेला. आणि मधले शब्द सुटे ऐकू येत नाहीत. व्यंजनाला पुढचा स्वर चिकटतो, जसं आपण 'एक एक' म्हणताना 'एकेक' म्हणतो. 'पिक इट अप' कानावर 'पिकिटप' येतं, 'टर्न इट ऑफ' 'टर्निटॉफ', 'फिल इट इन' 'फिलिटिन'. अमेरिकन माणूस 'पुट इट ऑन' म्हणाला तर 'पुडिडॉन' असं काहीसं ऐकू येईल, कारण दोन स्वरांमधला 'ट' त्यांच्याकडे 'ड'च्या जवळ जातो. हे सगळं देवनागरीत असंच, कानाला येतं तसं लिहून ठेवा. आपली लिपी उच्चार पकडते, त्याचा फायदा घ्या.

त्याचं नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो. 'आय हॅव टू चेक इन'मध्ये 'इन'वर जोर, 'चेकइन काउंटर'मध्ये 'चेक'वर.

ताकभात

माझं म्हणणं, स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. तिथे रोज त्याच क्रिया होतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

नुसतं दूध घ्या. तापत ठेवलं, 'हीट अप'. गॅस मोठा केला 'टर्न अप', बारीक केला 'टर्न डाउन', बंद केला 'टर्न ऑफ'. लक्ष नव्हतं, उतू गेलं: 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर'. बासुंदीसाठी आटवायचं असेल तर 'बॉइल इट डाउन'. चहाचं आधण विसरलं आणि सगळं पाणी उडून गेलं, तर 'द वॉटर हॅज बॉइल्ड अवे'. एकच 'बॉइल', पण 'ओव्हर' म्हणजे काठावरून बाहेर, 'डाउन' म्हणजे पातळी खाली, 'अवे' म्हणजे नाहीसं. भांड्याकडे बघत हे तीन शब्द म्हटले तर विसरणं कठीण आहे. दूध नासलं, तर ब्रिटनमध्ये 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', अमेरिकेत 'गॉन बॅड'.

तांदूळ निवडायचे 'पिक ओव्हर द राइस', त्यातले खडे काढायचे 'पिक आउट द स्टोन्स'. भाजी चिरून ठेवायची 'कट अप'. सिंक तुंबलं 'द सिंक इज ब्लॉक्ड अप'. कपडे वाळत घातले 'हँग आउट द वॉशिंग', पाऊस आला म्हणून आत आणले 'ब्रिंग द वॉशिंग इन'. पसारा आवरला 'टाइडी अप'. गादी गुंडाळली 'रोल अप'. केस गळतायत 'माय हेअर इज फॉलिंग आउट', दात पडला 'अ टूथ फेल आउट', विहीर आटली 'द वेल ड्राइड अप'. 'वॉश अप'ला जपा: ब्रिटिश माणसाला भांडी घासणं कळेल, अमेरिकन माणसाला हात-तोंड धुणं.

दोन जोड्या आपण हमखास एक करतो. कपडे घालण्याची क्रिया 'पुट ऑन', अंगात असणं 'वेअर'. मराठीत दोन्हीकडे 'घालणे' असल्यामुळे गोंधळ होतो. 'वेट, आय एम वेअरिंग माय शूज' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं बूट पायात आहेत, मग थांबायचं कशाला. तिथे 'पुटिंग ऑन' हवं. आणि जाग येणे 'वेक अप', अंथरुणातून उठणे 'गेट अप'.

पद्धत म्हणाल तर दिवसाला तीन, त्याहून जास्त नको. वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. उजवी बाजू झाकून म्हणायचं. त्याच दिवशी रात्री, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी. अडलेल्यावर टिंब द्या, तीन टिंबं झाली की वाक्य बदला, कारण ते वाक्य तुमच्या रोजच्या कामातलं नाही.

पाणवठा

खूप आभार. जोड्यांची गोष्ट शाळेत कधीच कोणी सांगितली नव्हती. वहीत लगेच सहा वाक्यं लिहिली, तपासून द्याल का?

1. आय गॉट डाउन अॅट दादर.
2. माय फ्रेंड पास्ड आउट इन 2019.
3. वुई शुड डिस्कस अबाउट धिस.
4. शी कान्ट कोप अप विथ द वर्क.
5. द अलार्म वेंट ऑफ, सो आय डिड नॉट वेक अप.
6. द मीटिंग इज प्रीपोन्ड.

सिंहगड पायथा

1. भारतात सगळ्यांना कळतं. बाहेर 'गेट ऑफ' म्हणतात. ज्यात उभं राहून चालता येतं, ट्रेन, बस, विमान, जहाज, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावं लागतं, कार, टॅक्सी, तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल आणि मोटरसायकल अपवाद, त्यांवर आपण बसतो म्हणून 'ऑन' आणि 'ऑफ'.

2. हे नक्की बदला. भारताबाहेर 'पास्ड आउट' ऐकलं की माणूस बेशुद्ध पडला असंच समजतात. खडकवासल्याच्या एनडीएची 'पासिंग आउट परेड' बरोबर आहे, तो लष्करी प्रशिक्षण पूर्ण केल्याचा जुना ब्रिटिश वापर. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएटेड इन 2019'. याच जातीचं आणखी एक: 'व्हेअर डू यू पुट अप?' असं आपण कुठे राहता म्हणून विचारतो. बाहेर 'पुट समबडी अप' म्हणजे कोणाला तरी आपल्या घरी मुक्कामाला ठेवून घेणं. राहण्याचं विचारायला 'व्हेअर डू यू लिव्ह', पाहुणा असेल तर 'व्हेअर आर यू स्टेइंग'.

3. 'अबाउट' काढा. '-बद्दल चर्चा करू' हे मराठी त्यात उतरलंय. 'डिस्कस धिस' पुरे. तसंच 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक', यांत 'परत' आधीच आहे. उत्तर पाठवा म्हणायचं तर 'प्लीज गेट बॅक टू मी'.

4. 'कोप विथ'. यात 'अप' नाही. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' ओळखीचे असल्यामुळे तो इथे घुसतो.

5. इथे अर्थच उलटा झाला. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला. तो वाजलाच नाही म्हणून जाग आली नाही, असं म्हणायचं असेल तर 'द अलार्म डिडन्ट गो ऑफ, सो आय डिडन्ट वेक अप'. दिव्यांबाबत 'वेंट ऑफ' म्हणजे गेले, बंद झाले. अलार्म, बॉम्ब, फटाका यांच्याबाबत म्हणजे वाजला किंवा फुटला. अचानक सुटून निघणं असा भाव धरा: बंदुकीची गोळी सुटते तसा अलार्म सुटतो. याचीही जोडी होते, फटाका फुटला 'वेंट ऑफ', फटाके फोडले 'सेट ऑफ'.

6. भारतात बिनधास्त वापरा, शब्द सोयीचा आहे आणि तो चुकीचा म्हणणं मला पटत नाही. परदेशी सहकारी असतील तर 'ब्रॉट फॉरवर्ड', म्हणजे अलीकडे आणली. पुढे ढकलली तर 'पुट ऑफ', रद्दच केली तर 'कॉल्ड ऑफ'. शेवटच्या दोन्हींत 'ऑफ' आहे, तेव्हा 'पुट' म्हणजे दुसऱ्या दिवशी ठेवली, 'कॉल' म्हणजे नको म्हणून जाहीर केलं, असं ध्यानात ठेवा.

पाणवठा

पाचवं वाक्य तर बोलण्यात कितीदा तसंच वापरलं जातं, आता कळलं. एक राहिलं. फॉर्म भरण्यासाठी 'फिल इन', 'फिल आउट', 'फिल अप' तिन्ही ऐकलेत. बरोबर कुठलं?

उंबरठा

फॉर्मसाठी ब्रिटनमध्ये 'फिल इन', अमेरिकेत 'फिल आउट', आणि हल्ली एकमेकांचं दोघांनाही कळतं. 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीसाठी, बादलीसाठी, काठोकाठ भरण्यासाठी ठेवा. एखादीच रिकामी जागा भरायची असेल, नाव किंवा तारीख, तर दोन्ही देशांत 'फिल इन'. आणि कर्म मध्ये: 'फिल इट इन', कानाला 'फिलिटिन'.